डुकराच्या बापाचाही कागद हवा: सांगली-साताऱ्याच्या पशुसंवर्धन विभागाला खुलं पत्र

प्रति,
जिल्हा पशुसंवर्धन विभाग, सांगली आणि सातारा,
क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ,
आणि दोन्ही जिल्ह्यांत डुकरं पाळणारी सगळी मंडळी

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणं मागून. सांगली-साताऱ्यात पैदाशीसाठी जो नर डुक्कर विकला जाईल किंवा योजनेतून दिला जाईल, त्याच्या आईबापाची नोंद कागदावर असावी आणि घाबरल्यावर किंवा धावपळीत जनावराचा जीव घेणाऱ्या ताणाच्या जनुकाची त्याच्यात तपासणी झालेली असावी. दोन्ही गोष्टी आज करता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी नवी इमारत नको आणि नवं महामंडळही नको.

मी मिरज तालुक्यात डुकरं पाळतो. आमच्या घरात डुकरं आजोबांच्याही आधीपासून आहेत. माझं शिक्षण प्राणिशास्त्रात झालं आणि आनुवंशिकी हा त्यातला माझा आवडता विषय. शेडमध्ये रोज दिसणाऱ्या गोष्टी आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगाने डुकराच्या जनुकांबद्दल शोधून काढलेल्या गोष्टी यांची गाठ आपल्याकडे कुणी घालून देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नुकसान आमच्यासारख्यांचं होतं आणि जनावरं नाहक मरतात.

मे महिन्यात गाडी भरताना काय होतं ते सांगतो. ऊन टाळायचं म्हणून पहाटे चारला टेम्पो मागे घेतात, फळी लावतात. ऐंशी-नव्वद किलोचा, पुठ्ठ्यांत भरलेला, शेडमधला सगळ्यात देखणा नर फळीवर चढता चढता थांबतो. शेपूट थरथरायला लागते. पांढऱ्या कातडीवर लाल-जांभळे चट्टे उठतात. तोंड उघडं टाकून तो धापा टाकतो, अंगावर हात ठेववत नाही इतकं अंग तापतं, मागचे पाय ताठतात आणि तो तिथेच बसतो. पाणी मारा, वारा घाला, काही उपयोग होत नाही. थोड्या वेळात जीव जातो आणि मेल्याबरोबर अंग लाकडासारखं कडक होतं. आमचे लोक म्हणतात ऊन लागलं. पहाटे चारला कसलं ऊन?

असं प्रत्येक मरण एकाच कारणाने होतं असं मी म्हणत नाही. हृदयाचे आजार असतात, उष्माघातही असतो. पण हे जे वर्णन केलं त्याला शास्त्रात नाव आहे, डुकरांचा ताणविकार, आणि त्याचं मूळ एका जनुकात आहे. १९९१ साली कॅनडातल्या संशोधकांनी ते नेमकं दाखवून दिलं. डुकराच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यातल्या सहाव्या गुणसूत्रावर आरवायआर-१ नावाचा जनुक आहे. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सोडणारं जे दार असतं, ते या जनुकाच्या सांगण्यावरून तयार होतं. जनुक म्हणजे डीएनएच्या अक्षरांची लांब ओळ; तिच्यातल्या १८४३व्या जागी एक अक्षर बदललं की त्या दाराच्या प्रथिनातला ६१५वा घटक बदलतो. मग जनावर घाबरलं, पळालं, भांडलं की दार उघडतं ते नीट मिटतच नाही. स्नायू आकसलेलेच राहतात, आतल्या आत उष्णता तयार होते, आम्ल साठतं. टेम्पोच्या फळीवर आपण पाहतो ते हेच.

हा जनुक सापडायच्या आधी परदेशात पिल्लांना हॅलोथेन नावाचा भुलीचा वायू काही मिनिटं हुंगवायचे. ज्याचे पाय ताठले ते सदोष. म्हणून आजही याला हॅलोथेन जनुक म्हणतात. त्या चाचणीत एक मोठी त्रुटी होती. दोष अप्रभावी आहे, म्हणजे बापाकडून आणि आईकडून अशा दोन्ही प्रती सदोष आल्या तरच जनावर ताठतं. एकच सदोष प्रत असलेलं जनावर, ज्याला वाहक म्हणतात, वायूच्या चाचणीत सहसा धडधाकट म्हणून सुटायचं आणि पुढे पिल्लांत दोष वाटत राहायचं. डीएनएच्या तपासणीत वाहकही पकडला जातो. त्यासाठी मुळासकट उपटलेले चार केस पुरतात.

आता हिशेब बघा, कारण माझी सगळी मागणी या हिशेबावर उभी आहे. नर वाहक आणि मादीही वाहक असेल तर सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्ही सदोष प्रती घेऊन जन्मतं. तेच पिल्लू पुढे फळीवर मरतं. पण नर निर्दोष असेल, तर मादी वाहक असो वा साफ सदोष असो, एकाही पिल्लात दोन सदोष प्रती येऊच शकत नाहीत. म्हणजे माद्या तपासायची गरजच नाही. फक्त नर तपासा. राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला खर्चाच्या निम्मं, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदान मिळतं. त्या १० नरांचे केस तपासून निर्दोषच ठेवले की १०० माद्यांच्या पोटी येणारी सगळी पिल्लं या मरणातून सुटली. जिथे सरकार ३० लाख देतं, तिथे १० नरांची तपासणी अटीत घालायला काय हरकत आहे?

सगळ्यात देखणाच नर का मरतो, याचंही उत्तर याच जनुकात आहे. सदोष प्रत असलेल्या जनावराला चरबी कमी आणि मांस जास्त असतं, पुठ्ठे भरलेले दिसतात. जगभरच्या पैदासकारांनी वर्षानुवर्षं डोळ्याने बघून असेच नर निवडले आणि नकळत दोष पसरवला. बेल्जियमच्या पिएत्रेन जातीत तो फार होता, लँड्रेसच्या काही वाणांतही. आपण आजही नर निवडतो तो डोळ्यानेच. बाजारात हात फिरवून पुठ्ठे बघतो, पाठ बघतो, पैसे मोजतो. मग जे युरोपात झालं ते आपल्या शेडमध्ये होऊ नये म्हणून आपल्या हातात आहे तरी काय? आणि जे जनावर फळीवर मरत नाही, कत्तलखान्यापर्यंत पोचतं, त्याचं मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सुटणारं निघतं. ते बघून खाटीक दर पाडतो. पाळणाऱ्याला वाटतं आपलं खाणं चुकलं.

साताऱ्यात हे कसं जमणार, असं कुणी म्हणायच्या आत फलटणची गोष्ट काढतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढीत हे काम करून दाखवलंय. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यात एक जनुक आहे, फेक-बी. २००१ साली तो नेमका कुठला हे समजलं आणि ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेंढीत जुळी देणारा जो जनुक आहे तो हाच, हेही पुढे आलं. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोचला होता. फलटणकरांनी गरोलचा हा एक जनुक दख्खनी मेंढीत आणला. पिढ्यान्‌पिढ्या संकर करत, प्रत्येक पिढीत रक्त तपासून जनुक असलेलीच जनावरं पुढे ठेवत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची त्यात मदत होती. त्यातून नारी सुवर्णा मेंढी उभी राहिली आणि ती धनगरांच्या कळपांत गेली. लोणंदच्या बाजाराला मेंढरं घेऊन येणाऱ्या माणसाच्या कळपात जनुकतपासणीचं फळ आहे. मग त्याच जिल्ह्यात डुकरं पाळणाऱ्याच्या शेडमध्ये ते का नसावं?

जनुकांचा नकाशा म्हणजे काय, हे माझ्या वराहपालक भाऊ-बहिणींसाठी थोडक्यात सांगतो. जमिनीची मोजणी करताना आधी हद्दीचे दगड रोवतात आणि मग त्यांच्या आधाराने गट नंबर शोधतात, तसंच हे काम आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून डुकराच्या गुणसूत्रांवर ओळखीच्या खुणा बसवल्या. मग रानडुकराचा पांढऱ्या यॉर्कशायरशी संकर करून नातवंडांपर्यंतची पिढी तयार केली आणि कुठली खूण कुठल्या गुणाबरोबर जाते हे पाहिलं. १९९४ साली स्वीडनमधल्या अशाच एका संकरातून कळलं की चौथ्या गुणसूत्राच्या एका तुकड्यावर वाढीचा वेग, पाठीवरची चरबी आणि लहान आतड्याची लांबीसुद्धा अवलंबून आहे. २०१२ साली ड्युरॉक जातीच्या एका मादीच्या डीएनएचं वाचन प्रसिद्ध झालं, अडीच अब्जांहून जास्त अक्षरांचं. त्यानंतर हे काम फार सोपं झालं.

यातून निघालेल्या दोन-तीन गोष्टी तर आपल्या बाजारातले घोटाळे थांबवणाऱ्या आहेत.

पहिला घोटाळा रंगाचा. आमच्याकडे पांढरं डुक्कर दिसलं की यॉर्कशायर आणि काळं दिसलं की गावठी. पांढऱ्याला दर जास्त. हा पांढरा रंग येतो आठव्या गुणसूत्रावरच्या किट नावाच्या जनुकातल्या बदलामुळे आणि तो प्रभावी आहे, एक प्रत पुरते. यॉर्कशायरचा नर गावठी काळ्या मादीला दाखवला की पहिल्या वेताची पिल्लं बहुतेक पांढरीच निघतात, एखाद-दुसऱ्याच्या अंगावर ठिपके. त्यांत अर्धा वाटा गावठीचा आहे. अशी पिल्लं शुद्ध यॉर्कशायर म्हणून विकली जातात, घेणारा त्यांच्यातूनच नर निवडतो, पुढच्या पिढीत काळी-ठिपक्यांची पिल्लं येतात आणि मग भांडणं होतात. डुकरात वीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत. पांढऱ्या कातडीने त्यातल्या एका जनुकाची एक प्रत सिद्ध होते, बाकी काही नाही. आईबापाच्या नोंदीशिवाय जातीच्या नावाने पैसे घेणं बंद झालं पाहिजे.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती आपल्याकडे मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. दुसऱ्या गुणसूत्रावर आयजीएफ-२ नावाचा जनुक आहे. २००३ साली स्वीडन आणि बेल्जियमच्या संशोधकांनी त्यातला एका अक्षराचा बदल शोधला, ज्याने मांस तीन-चार टक्क्यांनी वाढतं. पण तो बदल बापाकडून आला तरच. आईकडून आलेली प्रत वाढीच्या वयात पिल्लाच्या स्नायूत गप्प असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की मादी गावठी ठेवली तरी या जनुकाचा मांसाचा फायदा नराकडून पुरा मिळतो. गावठी मादीचं काटकपण आणि पिल्लं सांभाळायची हुशारी घालवून सगळं शेड विलायती करायची जी घाई चालली आहे, तिची या बाबतीत तरी काही गरज नाही. नर मात्र तपासून घ्यावा लागेल.

हॅम्पशायरचा नर घेणाऱ्यांनी अजून एक ध्यानात ठेवावं. त्या जातीत पंधराव्या गुणसूत्रावर एक बदल आढळतो, २०००मध्ये तो सापडला. त्याने स्नायूत ग्लायकोजेन साधारण सत्तर टक्के जास्त साठतं आणि मारल्यावर मांस आम्लट होतं, पाणी टिकत नाही. हा दोष प्रभावी, एका प्रतीनेही भागतो. जिवंत जनावर बघून तो ओळखायचा कुठलाही मार्ग नाही.

आता आमच्या एका मावशीबद्दल सांगायचं आहे. नात्याने मावशी नव्हे, पण तालुक्यातले सगळे तिला मावशीच म्हणतात. हयात डुकरांत गेली. मादी व्याली की दुसऱ्या दिवशी ती पिल्लं एकेक उचलते, उताणं करते आणि अंगठ्याने पोटावरची सडं मोजत जाते. दोन्ही बाजूंना सात-सात असतील, सारखी बसलेली असतील आणि एकही सड आत ओढलेलं नसेल, तर त्या मादी पिल्लाच्या कानाला बारीक खाच. ते ठेवायचं. बारा सडांचं पिल्लू कितीही दणकट असो, विकायचं. सडांची संख्या आनुवंशिक असते आणि त्यातला काही वाटा सातव्या गुणसूत्रावरच्या व्हीआरटीएन नावाच्या जनुकाशी बांधलेला आहे, असं संशोधन सांगतं. हाच जनुक पाठीच्या मणक्यांच्या आणि बरगड्यांच्या संख्येवरही परिणाम करतो. रानडुकराच्या पाठ-कंबरेत १९ मणके असतात, सुधारित जातींत २१ ते २३. विलायती डुक्कर लांब दिसतं ते त्यामुळे. मावशीला गुणसूत्राचं नाव माहीत नाही, पण तिची निवड शास्त्राला धरून आहे. कुठली मादी कुणाची, तिच्या आईला किती पिल्लं, कोण पिल्लांवर बसायची, सगळं तिला तोंडपाठ आहे.

असं ज्ञान वडार, कैकाडी आणि इतर कितीतरी कुटुंबांत आहे. डुकरं पाळतो म्हणून ज्यांना गावाने कायम लांब ठेवलं, त्या माणसांच्या डोक्यात ही वंशावळ आहे आणि ती कुठल्याही दप्तरात नाही. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंडाचा बाप-आजा विचारून पैसे मोजतात, त्याचा अभिमान सांगतात. माडग्याळ मेंढीच्या नाकावरून घराणं ओळखतात. डुकराच्या बाबतीत मात्र कुणी विचारत नाही, कारण पाळणाऱ्यालाच कुणी विचारत नाही. विभागाने या माणसांकडे माहिती घ्यायला जावं, त्यांच्याच तोंडून नोंदी लिहून घ्याव्यात, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नोंद नसली की काय होतं हे नात्यातल्या संकरावरून लगेच कळतं. मादी ११४ दिवसांत विते. मादी पिल्लू सात-आठ महिन्यांत माजावर येतं. म्हणजे शेडमध्ये आणलेला नर साधारण वर्षभरात स्वतःच्या मुलींसमोर उभा असतो. नवा नर महाग, शेजाऱ्याचा नर आजाराच्या भीतीने आणवत नाही, म्हणून तोच चालू राहतो. बाप-मुलीच्या संकरातून झालेल्या पिल्लात, एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. लपलेले दोष मग वर येतात. पिल्लं कमी होतात, बारकी होतात. कुणाच्या अंडाच्या पिशवीत आतडं उतरतं, कुणाचं एकच अंड खाली आलेलं असतं, कुणाला शेणाची वाटच नसते. ते शेवटचं पिल्लू पहिले दोन दिवस आईला लुचतं, मग पोट फुगत जातं. ते बघवत नाही.

या दोषांना हॅलोथेनसारखी एका जनुकाची तपासणी नाही. हर्नियासारखे दोष अनेक जनुकं मिळून घडवतात, कधी गोठ्यातली परिस्थितीही कारण असते. तिथे कामाला येते ती फक्त वही. कुठल्या नराच्या कुठल्या मादीपासून झालेल्या वेतात कुठला दोष निघाला हे लिहिलं, तर तीन-चार वेतांत संशयित नर सापडतो. न लिहिता तोच नर तालुकाभर फिरतो. एका वेताला किती पिल्लं हा गुणही असाच. त्यातला साधारण दहा टक्केच वाटा आनुवंशिक असतो, बाकी खाणं, वय, हवामान. म्हणून ‘चौदा पिल्लांच्या वेतातला नर आहे’ एवढ्या बोलण्यावर जादा पैसे मोजू नयेत. आई, आजी, मावश्या यांच्या अनेक वेतांची नोंद असेल तरच त्या बोलण्याला अर्थ. पाठीवरच्या चरबीचं उलट आहे, तिथे जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक, नर निवडला की लगेच फरक दिसतो.

आता विभागाकडे जे मागायचं ते सविस्तर मांडतो.

नर तपासणीसाठी शिरवळच्या महाविद्यालयाने पुढाकार घ्यावा. ते महाविद्यालय क्रांतिसिंहांच्या नावाचं आहे. त्यांचं येडेमच्छिंद्र सांगलीत आणि त्यांची चळवळ दोन्ही जिल्ह्यांची. तपासणीचं तंत्र जुनं, सर्वांना खुलं आणि साधं आहे. जनुकाच्या तुकड्याच्या पीसीआर नावाच्या पद्धतीने भरपूर प्रती काढायच्या, डीएनए कापणारं विकर (एन्झाइम) घालायचं, निर्दोष तुकडा कापला जातो, सदोष कापला जात नाही. पदव्युत्तर वर्गाला हा उत्तम अभ्यास आहे. पहिल्या टप्प्यात दोन्ही जिल्ह्यांतले नोंदणीकृत फार्म घ्या, पण छोट्या पाळणाऱ्यांना फी लावू नका. ज्याच्याकडे दोनच माद्या आहेत तोही शेजारच्याच नरावर अवलंबून असतो.

तपासणीत वाहक निघालेला नर जप्त करायचा किंवा मारायचा नाही, हेही आधीच स्पष्ट करा. नाहीतर कुणी केस देणार नाही. तो खच्ची करून खाटकाला जाऊ दे, किंवा मालकाच्या मर्जीने तपासलेल्या निर्दोष माद्यांपुरता राहू दे. फक्त पैदाशीचा नर म्हणून त्याची विक्री नको.

नोंदीसाठी गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला आहेच, बारा अंकांचा. डुकराच्या प्रत्येक पैदाशीच्या नर-मादीला तसा क्रमांक द्या आणि त्यापुढे आईबापाचे क्रमांक लिहायची सक्ती करा. बिल्ला तुटतो, डुकरं एकमेकांचे कान चावतात, म्हणून जोडीला कानाच्या खाचांची पद्धत ठेवा. ती जगभर चालते आणि आमच्या मावशीलाही येते.

नर फिरवण्याऐवजी कृत्रिम रेतन यावं. डुकराचं वीर्य बैलासारखं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून नीट टिकत नाही. ते १५ ते १८ अंशांवर ठेवून काही दिवसांत वापरावं लागतं, त्यामुळे पुरवठा जवळूनच हवा. जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेत यावर काम झालेलं आहे, ते शिकून आणता येईल. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२०मध्ये आसाम आणि अरुणाचलमधून देशात आला आणि त्याने शेडंच्या शेडं रिकामी केली. नर एका शेडमधून दुसऱ्यात नेणं हा आजार पसरवायचा सोपा रस्ता आहे. तपासलेल्या नराचं रेतन मिळालं तर दोष आणि आजार दोन्ही अडतात.

आणि गावठी डुक्कर. २०१९च्या पशुगणनेत देशात डुकरं ९०.६ लाख उरली, २०१२पेक्षा बारा टक्के कमी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी डुकरांच्या जातींची नोंद सुरू केली आहे. बंगालचं घुंगरू त्यात आहे, मेघालयचं नियांग मेघा, शेजारच्या गोव्याचं आगोंदा गोवनसुद्धा. सांगली-साताऱ्याच्या काळ्या, लांब तोंडाच्या, मानेवर ताठ केस असलेल्या डुकराचं स्वतंत्र नाव त्यात नाही. ते वेगळी जात म्हणून टिकेल की नाही हे डीएनएचे नमुने आणि मोजमापं घेतल्यावरच ठरेल. पण संकराची ही लाट अजून दहा वर्षं अशीच चालली तर नमुने घ्यायला निखळ जनावरच शिल्लक राहणार नाही. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हात खरकट्यावर आणि ओढ्याकाठच्या मुळ्यांवर पिढ्या काढलेलं हे जनावर आहे. उष्णता सोसायची, आजार पचवायची काही जनुकं त्याच्यात असतील तर ती पुन्हा कुठून विकत मिळणार नाहीत. पिल्लांच्या हगवणीचंच घ्या. एका प्रकारच्या जंतूला आतड्यात चिकटायला जागा देणारा जनुक डुकरांत आहे आणि त्याचं वेगळं रूप असलेल्या पिल्लांना तो जंतू चिकटतच नाही. परदेशात हे तपासून नर निवडतात. आपल्या गावठी डुकरात यातलं काय काय आहे ते शोधायला हवं, तेही आत्ताच.

वराहपालक मित्रांना एवढंच सांगणं आहे की विभाग जागचा हलेपर्यंत वही सुरू करा. मादीचा नंबर, नराचा नंबर, विण्याची तारीख, जिवंत पिल्लं, मेलेली पिल्लं, दोष, सडं. नर घेताना विकणाऱ्याकडून त्याच्या आईबापाचं लिहून घ्या, सही घ्या. वर्ष झालं की नर बदला. गाडी भरताना असा कुणी ताठून मेला तर खड्ड्यात पुरण्याआधी त्याचे केस मुळासकट काढून ठेवा आणि त्याच्या बापाचा नंबर लिहा.

मी माझ्या शेडमधल्या प्रत्येक नराचे केस काढून, वाळवून, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत भरले आहेत. पाकिटावर कानाचा नंबर, जन्मतारीख आणि माहीत आहे तिथे आईबापाचे नंबर लिहिले आहेत. मावशीनेही तिच्या दोन नरांचे दिले आहेत. पाकिटं कुठल्या पत्त्यावर आणि कुणाच्या नावे पाठवायची, ते दोन्ही जिल्ह्यांच्या विभागाने जाहीर कळवावं.

कळावे,
आपला,
मिरज तालुक्यातला एक वराहपालक